३२-बिटवर बिल्ड अडतो तेव्हा: __इंट१२८ची दुखणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

कोड तुमच्या लॅपटॉपवर मुकाट्याने कंपाइल होतो. तोच ३२-बिट आर्म, आय६८६, पॉवरपीसी किंवा मिप्ससाठी बांधायला घेतला की लॉग लाल होतो. बहुतेकदा मूळ एकच: कोडला `__इंट१२८`, म्हणजे १२८ बिटांचा पूर्णांक टाइप, हवा असतो आणि ३२-बिटवर तो नसतो. मी जुन्या बोर्डांसाठी पॅकेजं बांधतो, त्यामुळे हे दुखणं इतक्या वेळा निस्तरलंय की लॉग उघडायच्या आधीच कोणती ओळ असेल याचा अंदाज येतो. कमांड आणि कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

लक्षणं

यांपैकी एखादी ओळ दिसली तर तुम्ही योग्य ठिकाणी आलात:

- `__इंट१२८ इज नॉट सपोर्टेड ऑन धिस टार्गेट`
- `अननोन टाइप नेम __यूइंट१२८_टी`. सी++ असेल तर शेवट `डझ नॉट नेम अ टाइप` असा.
- `अनेबल टू एम्युलेट टीआय`. जुन्या क्रिप्टो कोडमध्ये `मोड(टीआय)` लिहून १२८-बिट टाइप मागितलेला असतो, तिथे ही येते.
- `अनडिफाइन्ड रेफरन्स टू __ॲटॉमिक_फेच_ॲड_८`
- `अनडिफाइन्ड रेफरन्स टू __म्यूलोडीआय४` किंवा `__यूडिव्हडीआय३`
- `लेफ्ट शिफ्ट काउंट >= विड्थ ऑफ टाइप`

पहिल्या तिन्ही ओळींमागे एकच कारण आहे: १२८-बिट पूर्णांक हवा होता, मिळाला नाही. चौथी आणि पाचवी लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामची, तक्रार. कंपाइल झालं, पण ६४-बिटचं काम करून देणारं फंक्शन सापडलं नाही. सहावी नुसती वॉर्निंग असते, म्हणून लोक ती सोडून देतात. माझ्या मते यादीतली सगळ्यात वाईट तीच.

कारण थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर) साधारणपणे रजिस्टरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्याच्या, दुप्पट रुंदीपर्यंतचा पूर्णांक देतं. रजिस्टर ६४-बिटचं असेल तर दोन जोडून १२८, आणि ३२-बिटचं असेल तर दोन जोडून ६४. म्हणून `लाँग लाँग` जुन्या प्रोसेसरवरही चालतो आणि `__इंट१२८` चालत नाही. शिवाय `लाँग लाँग` किमान ६४ बिटचा असलाच पाहिजे हे सी९९च्या मानकात आहे. `__इंट१२८` कुठल्याच मानकात नाही, तो कंपायलरने पदरचा दिलेला टाइप आहे. जीसीसीमध्ये या नावाने तो ४.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०११पासून आहे.

यात प्रोसेसरची असमर्थता नाही. रस्टमध्ये `यू१२८` हा टाइप १.२६ आवृत्तीपासून (२०१८) स्थिर आहे आणि तो ३२-बिटवरही चालतो, कारण तिथे कंपायलर तुकडे करून हिशोब करतो. टाइप द्यायचा की नाही, हा निर्णय कंपायलर लिहिणाऱ्यांचा. म्हणून पुढच्या प्रत्येक तपासणीत मशीनला काय येतं हे विचारत बसायचं नाही. विचारायचं ते कंपायलरला.

१. शेवटची नाही, पहिली एरर वाचा

याला काही खर्च पडत नाही, तरी बहुतेक जण हे करत नाहीत. हेडरमधला एक टाइप ओळखला गेला नाही की त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक ओळ बोंब मारते आणि लॉगच्या तळाशी भलत्याच फाइलचं नाव दिसतं. समांतर बिल्डमध्ये तर चार फाइलींचे लॉग एकमेकांत मिसळतात. `मेक -जे१` देऊन पुन्हा चालवा, पहिल्या एररशी थांबा, आणि ती कंपायलरची आहे की लिंकरची एवढं ठरवा. लिंकरची असेल तर २ बघून थेट ६वर जा.

२. आपण नेमकं कशासाठी बांधतोय?

इथे सगळे `यूनेम -एम` चालवतात, आणि तिथेच फसतात. ती कमांड कर्नलबद्दल सांगते, कंपायलरबद्दल नाही. ६४-बिट यंत्रावर ३२-बिट कंटेनर उघडलात तरी ती `एक्स८६_६४`च म्हणते. रास्पबेरी पाय ४वर ३२-बिट सिस्टिम टाकली तरी कर्नल ६४-बिटचा असू शकतो. मग `यूनेम` सांगतं `एआर्च६४` आणि कंपायलर मात्र ३२-बिट आर्मचाच कोड काढतो.

खरं उत्तर `जीसीसी -डम्पमशीन` देतं. त्यात `आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ` किंवा `आय६८६-लिनक्स-जीएनयू` असं आलं, तर टार्गेट (ज्यासाठी कोड निघतोय ते मशीन) ३२-बिटचं. पण एवढ्यावरही थांबू नका. बिल्डच्या फ्लॅगमध्ये कोणी `-एम३२` घातला असेल, तर ६४-बिट कंपायलरसुद्धा ३२-बिटचं वागतो, आणि `-डम्पमशीन` ते सांगत नाही. `मेक व्ही=१` किंवा `व्हर्बोज=१` देऊन पूर्ण कमांड डोळ्यांनी वाचा.

निम्म्या वेळा माझं काम इथेच संपतं. माणसाला ६४-बिट बिल्ड हवा असतो आणि पाथमध्ये चुकीचा क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड काढणारा) आधी लागलेला असतो. तसं असेल तर कोडला हात लावू नका, कंपायलर बदला.

३. टाइप आहे का, हे कंपायलरकडूनच वदवून घ्या

रिकामं इनपुट देऊन कंपायलरचे सगळे अंगभूत मॅक्रो छापता येतात: `एको | जीसीसी -डीएम -ई -`, आणि पुढे `ग्रेप इंट१२८`. बिल्डमध्ये जे फ्लॅग आहेत तेच इथेही द्या, नाहीतर उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं येईल. `__साइझऑफ_इंट१२८__` आणि समोर १६ दिसलं तर टाइप आहे. काहीच दिसलं नाही तर नाही. क्लँग हा दुसरा कंपायलरही हाच मॅक्रो देतो.

हे आधी तपासायचं, कारण बऱ्याच प्रोजेक्टांमध्ये दुखणं टाइप नसण्याचं नसतं. दुखणं चुकीच्या अटीचं असतं. कोणीतरी लिहिलेलं असतं, "पॉइंटर ८ बाइटचा असेल तर १२८-बिट वापर". ही अट दोन्हीकडून फसते. लिनक्सच्या एक्स३२ एबीआयमध्ये (एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमधले टाइपचे आकार, मांडणी वगैरेंचे नियम) पॉइंटर ४ बाइटचा, पण रजिस्टरं ६४-बिटची, त्यामुळे टाइप असतो. उलट मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ६४-बिट टार्गेटवरही `__इंट१२८` नाही. तिथे `_यूमल१२८`सारखं इंट्रिन्सिक (कंपायलरचं अंगभूत फंक्शन) वापरावं लागतं. `लाँग`च्या आकारावरून ठरवाल तर तेही फसतं, कारण ६४-बिट विंडोजवर `लाँग` ३२ बिटचाच आहे.

अट एकच हवी: `इफडेफ __साइझऑफ_इंट१२८__`. प्रीप्रोसेसरच्या `#इफ`मध्ये `साइझऑफ` चालत नाही, म्हणून हा मॅक्रो हाताशी असणं मोलाचं. कोडमध्ये पर्यायी वाट आधीच असेल आणि फक्त अट चुकलेली असेल, तर एका ओळीचा पॅच पुरतो. तो मूळ प्रोजेक्टलाही पाठवा, दुसऱ्याचा दिवस वाचेल.

४. जुनी कॅशे

मॅक्रो म्हणतो टाइप नाही आणि `कॉन्फिग.एच` (बिल्डच्या सुरुवातीच्या तपासणीची उत्तरं असलेली फाइल) म्हणतं आहे, असं दिसलं तर बिल्डची डिरेक्टरी पूर्ण उडवा. `मेक क्लीन` पुरत नाही. ऑटोकॉन्फची `कॉन्फिग.कॅशे` आणि सीमेकची `सीमेककॅशे.टीएक्सटी` मागच्या ६४-बिट बिल्डचं उत्तर जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी विचारतच नाहीत. कधी कधी तयार `कॉन्फिग.एच`च कोणीतरी रिपॉझिटरीत टाकून ठेवलेलं असतं. ते तर डिरेक्टरी उडवूनही परत येतं.

५. लायब्ररीचा स्वतःचा स्विच

मोठ्या लायब्ररींनी हा प्रश्न कधीच सोडवलेला असतो, आपणच त्यांना चुकीचा फ्लॅग देत असतो. ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीत `इनेबल-ईसी_निस्टपी_६४_जीसीसी_१२८` असा पर्याय आहे. नावातच ६४ आणि १२८ दोन्ही आहेत. कोणीतरी वेगासाठी तो बिल्ड स्क्रिप्टमध्ये घालतो, मग तीच स्क्रिप्ट सगळ्या टार्गेटांना लावली जाते आणि ३२-बिटवर कंपायलर १२८-बिट टाइप नसल्याची तक्रार करून थांबतो. तो फ्लॅग काढला की बिल्ड पुढे सरकतो. जातो तो वेग. उत्तरं तीच राहतात.

कर्व्ह२५५१९च्या (क्रिप्टोग्राफीत वापरला जाणारा एक एलिप्टिक कर्व्ह) कोडमध्ये बहुधा दोन अंमलबजावण्या शेजारीशेजारी असतात. एकीत २५५ बिटांची संख्या ५१ बिटांच्या पाच तुकड्यांत ठेवलेली, दुसरीत आलटून पालटून २६ आणि २५ बिटांच्या दहा तुकड्यांत. पहिलीला १२८-बिट गुणाकार लागतो, दुसरी ६४वर भागवते. तुमच्या बिल्डमध्ये पहिली निवडली गेली असेल, तर दुसरी निवडायची. नवा कोड लिहायची गरज नाही. लायब्ररीची नवी आवृत्ती असेल तर तीही इथेच बघून घ्या.

६. लिंकरची तक्रार

`__ॲटॉमिक_फेच_ॲड_८` मधला ८ म्हणजे ८ बाइट. ६४-बिट मोजणी एका झटक्यात, मध्ये कोणी न घुसता वाढवायची, आणि त्यासाठी प्रोसेसरकडे सूचना नाही (किंवा आहे, पण कंपायलरला ती वापरायची परवानगी नाही). मग कंपायलर लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. उपाय `-एलॲटॉमिक`. तो ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर द्या. आधी दिलात आणि लिंकर `--ॲज-नीडेड` पद्धतीने चालत असेल, तर तोपर्यंत कोणी मागितलेलं नाही म्हणून लायब्ररी सोडून देतो, आणि तुम्ही "फ्लॅग दिला तरी तेच" म्हणत बसता.

एक्स८६वर आधी `-मार्च` बघा. आठ बाइटची अदलाबदल करणारी `सीएमपीएक्ससीएचजी८बी` ही सूचना पेंटियमबरोबर, १९९३मध्ये आली. `-मार्च=आय४८६` दिलं असेल तर कंपायलर ती वापरणार नाही. खरोखर ४८६वर चालवायचं नसेल तर `आय५८६` किंवा `आय६८६` करा, तक्रार बहुतेक जाईल. रस्टमध्ये याचंच रूप म्हणजे ३२-बिट मिप्स आणि पॉवरपीसीवर `ॲटॉमिकयू६४` मुळात नसणं. तिथे `पोर्टेबल-ॲटॉमिक` हे क्रेट (रस्टची लायब्ररी) वापरतात.

`__म्यूलोडीआय४` दिसलं तर क्लँगने कोड काढलाय आणि लिंक मात्र जीसीसीच्या लायब्ररीशी होतेय, जिच्यात हे फंक्शन नाही. `-आरटीलिब=कंपायलर-आरटी` द्या, किंवा क्लँगची नवी आवृत्ती घ्या.

`__यूडिव्हडीआय३`, किंवा आर्मवर `__एईएबीआय_यूएलडिव्हमॉड`, हे कर्नल मॉड्यूल बांधताना भेटतं. लिनक्स कर्नल जीसीसीची सहायक लायब्ररी लिंक करत नाही, त्यामुळे ६४-बिट भागाकारासाठी साधं `/` चिन्ह चालत नाही. `डू_डिव्ह` किंवा `डिव्ह६४_यू६४` वापरा. `डू_डिव्ह` पहिला आकडाच बदलून टाकतं आणि बाकी परत देतं. यात प्रत्येक जण एकदा तरी फसतोच.

७. स्वतः पर्याय लिहायचा झाला तर

इथपर्यंत आलात म्हणजे टाइप खरंच नाही आणि कोडमध्ये दुसरी वाटही नाही. तरी आधी तयार माल बघा. बूस्ट मल्टिप्रिसिजनमध्ये आणि ॲबसीलमध्ये १२८-बिट टाइप आहेत, ते ३२-बिटवरही चालतात. सी२३मध्ये `_बिटइंट(१२८)` मानकात आलाय, पण प्रत्येक कंपायलर प्रत्येक टार्गेटवर तो देतोच असं नाही. तोही आधी विचारून घ्या.

बहुतेक कोडला पूर्ण १२८-बिट गणित नकोच असतं. हवा असतो फक्त ६४ × ६४ गुणाकार आणि त्याचा वरचा अर्धा भाग. तो शाळेतल्या दोन अंकी गुणाकारासारखाच, फक्त इथला एकेक "अंक" ३२ बिटांचा. अ चे दोन भाग: अव (वरचा), अख (खालचा). ब चेही तसेच.

`प१ = अख × बख`
`प२ = अख × बव`
`प३ = अव × बख`
`प४ = अव × बव`
`मधला = (प१ >> ३२) + प२चे खालचे ३२ बिट + प३चे खालचे ३२ बिट`
`खालचा अर्धा = (मधला << ३२) | प१चे खालचे ३२ बिट`
`वरचा अर्धा = प४ + (प२ >> ३२) + (प३ >> ३२) + (मधला >> ३२)`

शेवटच्या ओळीतला `मधला >> ३२` म्हणजे हातचा. सगळा खेळ त्याचा.

मी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा हुशारी करून `प२ + प३` आधीच बेरजेत घेतलं होतं. दिसायला सुटसुटीत. पण ते दोन्ही ६४-बिटचे, त्यांची बेरीज ६५ बिटांची होऊ शकते, आणि तो वरचा बिट गुपचूप गळतो. माझ्या चाचण्यांत छोटे आकडे होते, सगळ्या पास. कोड हॅश काढण्यासाठी होता. इंडेक्स फाइल ६४-बिट सर्व्हरवर बनायची आणि ३२-बिट बोर्डावर वाचली जायची. बऱ्याच नोंदी सापडायच्या, मधूनच एखादी "नाही" म्हणून यायची. फाइल खराब, कार्ड खराब, वीज खराब, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आकडे पूर्ण यादृच्छिक असतील तर ती बेरीज साधारण चौदा वेळांत एकदा फुटते, हे नंतर कागदावर मांडलं तेव्हा कळलं.

तेव्हापासून पहिली चाचणी ठरलेली: दोन्ही आकड्यांत चौसष्टच्या चौसष्ट बिट १. उत्तराचा वरचा अर्धा १८४४६७४४०७३७०९५५१६१४ आणि खालचा अर्धा १ यायला हवा. त्यानंतर ६४-बिट मशीनवर `__इंट१२८` आणि तुमचं फंक्शन शेजारी ठेवून काही लाख यादृच्छिक जोड्या तपासा. आणखी एक खाच: अख, बख ३२-बिट टाइपमध्ये ठेवले असतील, तर गुणाकारही ३२ बिटांतच होऊन कापला जातो. गुणण्याआधी एकाला ६४-बिट करा.

१२८-बिट भागाकार मात्र हाताने लिहू नका. तयार लायब्ररी घ्या.

आणि ती वॉर्निंग

`१यूएल << ४०` हे ६४-बिट लिनक्सवर बरोबर. ३२-बिटवर `यूएल` (अनसाइन्ड लाँग) म्हणजे ३२ बिट, आणि रुंदीपेक्षा जास्त सरकवलं तर काय निघेल याची सी भाषा हमी देत नाही. बिल्ड पास होतो, उत्तर चुकतं. `यूएलएल` किंवा `यूइंट६४_सी(१)` लिहा. `प्रिंटएफ`मधला `%एलयू` असाच, त्याला `पीआरआययू६४` हवं. बायनरी फाइलीत सरळ स्ट्रक्चर लिहिणारा कोड असेल तर आणखी एक बघा: स्ट्रक्चरमधला `यूइंट६४_टी` आय३८६ लिनक्सवर ४ बाइटच्या सीमेवर बसतो, आर्म ईएबीआयवर ८च्या. दोन्ही ३२-बिटच, पण मांडणी वेगळी. ३२-बिट बिल्डला मी `-वॉल` लावतो आणि शिफ्टची वॉर्निंग एररमध्ये बदलून घेतो.

कुठे थांबायचं

क्रिप्टोग्राफीचा कोड असेल आणि ५व्या पायरीत तयार पर्याय मिळाला नसेल, तर ७वी पायरी करू नका. तिथे उत्तर बरोबर येऊन भागत नाही, वेळही आकड्यांवर अवलंबून असता कामा नये, नाहीतर तो वेळ मोजून गुप्त किल्लीचा अंदाज बांधता येतो. काही छोट्या प्रोसेसरांत, उदाहरणार्थ कॉर्टेक्स-एम३मध्ये, लांब गुणाकाराला लागणारी सायकल आकड्यांनुसार बदलतात. कंपायलरच्या सहायक भागाकार फंक्शनांचंही तसंच. हे काम त्या लायब्ररीच्या मेंटेनरचं किंवा क्रिप्टो अंमलबजावणी जाणणाऱ्या माणसाचं आहे. तुमचा पॅच सगळ्या चाचण्या पास करेल आणि तरीही किल्ली गळेल.

लायब्ररीच्या सार्वजनिक हेडरमध्येच `__इंट१२८` असेल तरीही थांबा. तो टाइप बदलला की एबीआय बदलतो, आणि तिच्यावर बांधलेलं बाकीचं सगळं पुन्हा बांधावं लागतं. हा निर्णय प्रोजेक्टचा, एका पॅकेज बांधणाऱ्याचा नाही. कंपायलर स्वतःच `इंटर्नल कंपायलर एरर` म्हणून कोसळत असेल, तर टूलचेन सांभाळणाऱ्यांकडे जा. आणि प्रोजेक्टने "फक्त ६४-बिट" असं लिहूनच ठेवलं असेल तर जुनी आवृत्ती शोधा किंवा नाद सोडा. असा पॅच मी दोन वर्षं ओढलाय, दर आवृत्तीला नव्याने.

ज्याच्याकडे जाल त्याला `-डम्पमशीन`चं उत्तर, कंपायलरची आवृत्ती, फ्लॅगसकट पूर्ण कमांड आणि पहिली एरर द्या. जमलं तर तीच एरर देणारी दहा ओळींची फाइलही. ती फाइल तयार करतानाच चूक सापडून मेल न पाठवल्याचं माझ्या बाबतीत दोन-तीनदा झालंय.